विषारलेली माती आणि मुळांचे सोबती

महोत्सवी स्मरणिका म्हटली, की तीत संस्थेचा इतिहास यावा, दात्यांचे आणि कार्यकर्त्यांचे कृतज्ञ स्मरण व्हावे, हे रीतीस धरूनच आहे. त्या पानांच्या मध्येच मातीसारख्या विषयावर लेख कशाला, असा प्रश्न एखाद्या सभासदाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर पीथमपुरात आहे. १ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा १२ बंद कंटेनरांत भरून निघाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या इंदूरपासून जवळच असलेल्या पीथमपुरात येऊन पोहोचला. तेथील लोक रस्त्यावर उतरले. इंदुरातही घरोघर तोच एक विषय झाला. आपल्या हवेचे काय होणार, विहिरींचे काय होणार, ही काळजी वावगी नव्हती. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रथम चाचणी म्हणून ३० टन आणि नंतर उरलेला सर्व कचरा भट्टीत जाळण्यात आला. ३० जून २०२५ पर्यंत ते काम आटोपले. भट्टीत चुना वगैरे पदार्थ मिसळावे लागतात. त्यामुळे राख आणि अवशेष मूळ कचऱ्यापेक्षाही वजनाने अधिक भरले.

कचरा जळाला, परंतु तो ज्या मातीवर पडून होता त्या मातीचे काय? नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला आपण ‘नीरी’ या नावाने ओळखतो, तिने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह त्या जागेची तपासणी केली होती. कारखान्याच्या आवारातील दूषित मातीचा २०१० मधील अंदाज सुमारे ११ लाख टनांचा होता. म्हणजे जेवढ्या कचऱ्यासाठी एवढा गाजावाजा झाला, त्याच्या तीन हजार पटींहूनही अधिक माती. पीथमपूरच्या भट्टीला अखेरच्या टप्प्यात ताशी २७० किलो कचरा जाळण्याची परवानगी होती. त्याच वेगाने रात्रंदिवस, एकही सुटी न घेता ही माती जाळावयाची म्हटली, तर साडेचारशे वर्षांहून अधिक काळ लागेल. हा हिशेब वाचकांनी स्वतः मांडून पाहावा. जाळणे हा मूठभर कचऱ्याचा उपाय होऊ शकतो. शेते आणि मैदाने जाळता येत नाहीत.

मग अशा भूमीची शुद्धी कशी करावयाची? तिचा एक मार्ग मातीतच दडलेला आहे. वनस्पतींची मुळे आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे जिवाणू यांच्या सहकार्याने कित्येक विषे नाहीशी करता येतात, काही निरुपद्रवी करता येतात आणि काही जागच्या जागी जखडून ठेवता येतात. हे कसे घडते आणि कोठवर घडू शकते, हे सोप्या भाषेत सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घरोघरची कुबट पावडर

उदाहरण म्हणून आम्ही असे विष घेतो, की जे आपल्यातील वडीलधाऱ्यांस चांगले परिचयाचे आहे. पूर्वी घरात ढेकूण झाले, कोठीत मुंग्या लागल्या, गोठ्यात गोचीड झाले, की वाण्याकडून ‘गॅमेक्सीन’ची पुडी येत असे. कुबट वासाची ती भुकटी खाटेच्या सांध्यांत, भिंतीच्या कडेला, धान्याच्या पोत्यांभोवतीसुद्धा टाकली जाई. शेतावर तीच वस्तू ‘बीएचसी पावडर’ या नावाने पोत्यांनी येई. तिचे शास्त्रीय नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन. आपण संक्षेपाने एचसीएच म्हणू.

हा पदार्थ निसर्गाने बनवलेला नाही. १८२५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी बेंझिन आणि क्लोरीन यांच्या संयोगाने तो प्रथम तयार केला. त्याच्या रेणूत कार्बनचे सहा अणू एका कड्यासारखे जोडलेले असून प्रत्येकाला एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन चिकटलेला असतो. हे क्लोरीन कड्याच्या वरच्या अंगास आहेत की खालच्या, यावरून एकाच घटकांचे निरनिराळे प्रकार होतात. आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी त्यांची नावे. कीटक मारण्याचा खरा गुण त्यांतील एकट्या गॅमाचा. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान डर लिंडेन यांनी १९१२ मध्ये तो वेगळा केला, म्हणून शुद्ध गॅमाला ‘लिंडेन’ हे नाव पडले. कीटकनाशक म्हणून त्याचे महत्त्व मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ध्यानात आले.

आता यातील मेख पाहा. कारखान्यात जे मिश्रण तयार होते त्यात गॅमा शेकडा १० ते १५ एवढाच असतो. शुद्ध लिंडेन विकावयाचे तर बाकीचा माल टाकाऊ ठरतो. एक टन लिंडेनमागे ८ ते १२ टनांपर्यंत असा टाकाऊ माल उरतो. तो कोठे गेला? पुष्कळ ठिकाणी कारखान्याच्या पाठीमागे, नाल्याकाठी, पडीक जमिनीवर ढिगांनी पडला. आपल्या देशात तर संपूर्ण मिश्रणच शेतांवर आणि हिवतापाच्या फवारणीत वापरले गेले. एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे १९४८ ते १९९५ या काळात भारतात दहा लाख टनांहून अधिक एचसीएच वापरण्यात आले. यातील बीटा हा प्रकार सर्वांत चिवट. तो मातीत वर्षानुवर्षे टिकतो, चाऱ्यातून गाईम्हशींच्या अंगी जातो, चरबीत साठतो आणि दुधात उतरतो. भारतात या मिश्रणावर १९९७ मध्ये बंदी आली. लिंडेनचे उत्पादन २०११ मध्ये आणि वापर २०१३ मध्ये बंद झाला. लिंडेनमुळे माणसास कर्करोग होऊ शकतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये दिला.

भोपाळशी याचा संबंध आहेच. तेथे ‘सेव्हिन’ हे मुख्य कीटकनाशक होई; त्याखेरीज सेव्हिन आणि गॅमा एचसीएच यांचे मिश्रण ‘सेव्हिडॉल’ या नावाने बनत असे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या त्या भीषण रात्री जो वायू सुटला तो वाऱ्याबरोबर गेला. परंतु त्या आधीच्या वर्षांत आवारात जे सांडले आणि पुरले गेले, ते मातीतच राहिले. त्यात एचसीएचही आहे आणि पाराही आहे. हे दोन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. कारण जिवाणूंच्या दृष्टीने या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

उसाच्या मुळाशी सापडलेला जिवाणू

एचसीएच मानवनिर्मित आहे, निसर्गास त्याची ओळख नाही. सबब ते कधीच नाहीसे होणार नाही, अशी पुष्कळ दिवस समजूत होती. तिला पहिला तडा भाताच्या चिखलाने दिला. फिलिपाइन्समधील भातशेतीच्या पाणथळ मातीत गॅमा प्रकार सूक्ष्म जीवांच्या हातून नष्ट होतो, असे १९६६ मध्ये दाखवण्यात आले. पुढे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत एन. सेतुनाथन आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले. १९९० मध्ये त्यांनी असा एक जिवाणू प्रसिद्धीस आणला, की जो हवेच्या सान्निध्यात आल्फा, बीटा आणि गॅमा या तिन्ही प्रकारांवर आपले काम करतो. तो कोठे सापडला? एखाद्या परदेशी प्रयोगशाळेत नव्हे, तर आपल्याच देशातील उसाच्या मुळांना चिकटलेल्या मातीत. ‘बी-९०-ए’ हे त्याचे प्रयोगशाळेतील नाव. दिल्ली विद्यापीठातील प्रा. रूप लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा सखोल अभ्यास केला, आणि २००५ पासून तो ‘स्फिंगोबियम इंडिकम’ या नावाने ओळखला जातो. नावातच भारत आहे.

हा जिवाणू करतो काय? त्याच्या अंगी विशिष्ट एन्झाइमे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी जणू हत्यारे असतात. एक हत्यार रेणूतील क्लोरीन हायड्रोजनासह उपटून काढते. दुसरे क्लोरीनच्या जागी पाण्यातील घटक बसवते. क्लोरीन गेला, की विषाचा दात पडला. मग तिसरी हत्यारे ते सहा कार्बनांचे कडे फोडतात, आणि उरलेले तुकडे जिवाणू अन्न म्हणून पचवून टाकतो. शेवटी राहतात ते कर्बवायू, पाणी आणि मिठात असते तसले क्लोराइड. ज्याने ढेकूण मारले, ते येथे दुसऱ्या एका जीवाचे जेवण झाले. मात्र बीटा प्रकारावर त्याचे एवढे चालत नाही. त्यातील क्लोरीन तो हळूहळू काढतो, परंतु काम बहुधा अर्धवट राहते. ही उणीव सांगणे आवश्यक आहे.

आणखी एक नवलाची गोष्ट अशी, की जपान आणि फ्रान्स येथेही एचसीएच खाणारे जिवाणू मिळाले. त्यांची जात निराळी, परंतु हत्यारे घडवणारी जनुके जवळजवळ एकसारखी. जिवाणू अशी उपयुक्त जनुके एकमेकांस देऊ-घेऊ शकतात. एका घरची पाककृती शेजारणीने उतरून घ्यावी, तसा हा व्यवहार असतो. लखनौजवळ चिनहट येथे लिंडेन बनवणारा देशातील अखेरचा कारखाना होता. त्याचा टाकाऊ माल जेथे टाकला गेला, त्या उम्मारी गावच्या मातीतही दिल्लीच्या शास्त्रज्ञांना नव्या जातींचे जिवाणू आढळले. एकीचे नाव त्यांनी ‘उम्मारिएन्स’ असे ठेवले, दुसरीचे ‘चिनहटेन्स’. ज्या गावाने घाण सोसली, त्याचे नाव निदान तिला खाणाऱ्या जिवाणूस तरी मिळाले.

मूळ आणि जिवाणू यांचा व्यवहार

जिवाणू एवढे समर्थ असतील, तर वनस्पती कशाला, असे येथे कोणी विचारील. याचे उत्तर समजण्यासाठी मुळांभोवतीच्या मातीकडे पाहिले पाहिजे. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये प्रथम या मातीला स्वतंत्र नाव दिले आणि तिचे वेगळेपण दाखवले. मोकळ्या रानातल्या मातीपेक्षा मुळालगतच्या मातीत जिवाणूंची वस्ती दहापटीहून अधिक दाट असल्याचे नेहमी आढळते. कारण उघड आहे. पानांनी उन्हात बनवलेल्या अन्नाचा बराचसा भाग मुळे साखर, आम्ले अशा रूपांत बाहेर झिरपू देतात. ते जिवाणूंचे सदावर्तच होय.

मूळ जिवाणूस तीन गोष्टी देते. पहिली म्हणजे अन्न. विषारी माती बहुधा नापीक असते, आणि केवळ विषावर जिवाणूंचा मोठा प्रपंच चालत नाही. मुळांच्या साखरेवर तो चालतो. दुसरी म्हणजे हवा. मुळे माती भुसभुशीत करतात, आणि जुनी मुळे कुजली की त्यांच्या जागी पोकळ वाटा राहतात. आपल्या माळव्याच्या चिकण काळ्या मातीत हा लाभ विशेष मोलाचा आहे. तिसरी म्हणजे वाहन. वर पसरलेला जिवाणू आपण होऊन हातभर खोल जाणार नाही. वाढत्या मुळाला चिकटून तो जातो.

उलट जिवाणूही मुळाचे ऋण फेडतो. काही जिवाणू हवेतील नत्र मिळवून देतात, काही दगडात अडकलेला स्फुरद मोकळा करतात. संकटात सापडलेली वनस्पती इथिलीन नावाचा वायू अधिक प्रमाणात निर्माण करते, आणि त्याने तिच्याच मुळांची वाढ खुंटते. हा वायू ज्यापासून होतो तो पदार्थच खाऊन टाकणारे जिवाणू आहेत. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे बर्नार्ड ग्लिक यांनी त्यांवर पुष्कळ संशोधन केले आहे. शिवाय विष खाणारा जिवाणू मुळाशी असला, म्हणजे विष मुळाच्या टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कमी होते. रोप जगते, रोप जगले म्हणून जिवाणू पोसले जातात, आणि जिवाणू पोसले म्हणून माती निवळते.

हे नुसते तर्क नाहीत. स्पेनमधील ग्रानाडा येथील संशोधकांनी मक्याच्या मुळांवर असे जिवाणू वसवून लिंडेनचे प्रमाण घटवल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच देशाच्या गॅलिसिया प्रांतात एका रानटी झुडपास दोन निरनिराळ्या जिवाणूंची जोड दिल्यावर ते एचसीएचने भरलेल्या मातीत अधिक चांगले वाढले आणि विषही अधिक घटले, असे २०१३ मध्ये नमूद झाले. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील संशोधकांनी अश्वगंधा आणि मोगली एरंड, ज्याला आपल्या भागात रतनजोत म्हणतात, यांवर लिंडेनसंबंधी असेच प्रयोग केले आहेत. रतनजोत निवडण्यात शहाणपण आहे. तिला गुरे तोंड लावीत नाहीत आणि तिचे तेल खाण्याचे नसते, त्यामुळे विष ताटात येण्याची भीती कमी. अश्वगंधेविषयी मात्र जपले पाहिजे. अशा भूमीत वाढलेली तिची मुळी चुकूनही औषधाच्या बाजारात जाता कामा नये.

विरजणाचा न्याय

प्रत्यक्ष काम करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. मातीत मूळचेच योग्य जिवाणू असतील, तर त्यांना खत, ओल आणि हवा देऊन त्यांची वाढ करावयाची. नसतील, तर बाहेरून आणून सोडावयाचे. दुसऱ्या तऱ्हेला आमच्या गृहिणींचा विरजणाचा न्याय लागू पडतो. विरजण कितीही उत्तम असले, तरी दूध फार कढत असेल तर ते मरते आणि फार थंड असेल तर लागत नाही. जिवाणूंचेही असेच आहे. माती फार कोरडी, फार आंबट किंवा फार विषारी असेल, तर प्रयोगशाळेत पराक्रम गाजवलेला जिवाणू शेतात चार दिवसांत नाहीसा होतो.

म्हणून त्याला आधी एखादे घर करून द्यावे लागते. दिल्लीच्या गटाने ‘बी-९०-ए’साठी जे घर निवडले, ते ऐकून भुट्ट्याचा कीस आवडीने खाणाऱ्या इंदूरकरांस गंमत वाटेल. दाणे काढून उरलेला मक्याच्या कणसाचा दांडा वाळवून, त्याची भुकटी करून, तीत हे जिवाणू बसवण्यात आले. ती भुकटी एचसीएचने दूषित झालेल्या मातीत मिसळल्यावर काही आठवड्यांतच विषाचे प्रमाण लक्षणीय उतरले, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आहे. भुकटीच्या बारीक छिद्रांत जिवाणू ओलीने राहतात आणि हळूहळू बाहेर पसरतात.

आपल्या शेतकरी सभासदांस यात अपरिचित असे काही नाही. सोयाबीन पेरताना रायझोबियमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतात आणि बी सावलीत वाळवून पेरतात. तेथे जिवाणू नत्र मिळवण्यासाठी लावावयाचा, येथे विष फोडण्यासाठी, तत्त्व एकच.

धातूंची गोष्ट निराळी

आता पाऱ्याकडे वळू. पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. एचसीएचचा रेणू फोडता येतो. मूलद्रव्याचा अणू कोणत्याही जिवाणूला पचवता येत नाही. शिसे आज आहे तेवढेच हजार वर्षांनीही राहणार. येथे उपाय दोनच : ते मातीतून उचलून घ्यावे, किंवा जागीच बांधून ठेवावे.

उचलण्याचे काम काही वनस्पती करतात. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात लाकडाला औषध लावण्याच्या कारखान्याच्या जागी वाढणारे एक नेचे आर्सेनिक आपल्या पानांत प्रचंड प्रमाणात साठवते, असे २००१ मध्ये आढळले. आपली मोहरीही शिसे आणि कॅडमियम मुळांवाटे ओढून घेण्यात तरबेज आहे. मुळांशी असणारे जिवाणू आम्ले सोडून धातू विरघळवतात आणि वनस्पतीचे काम सोपे करतात. पण मग कापलेल्या पिकाचे काय? ते पीक राहिले नाही, तो विषारी कचरा झाला. त्याची विल्हेवाट त्याच दक्षतेने लावली पाहिजे. क्रोमियमच्या बाबतीत जिवाणू आणखी एक उपकार करतात. त्याचे अतिविषारी, पाण्याबरोबर वाहणारे रूप बदलून ते कमी विषारी आणि न विरघळणाऱ्या रूपात आणतात. क्रोमियम तेथेच राहते, परंतु विहिरीपर्यंत सहसा जात नाही.

बांधून ठेवण्याचे उत्तम उदाहरण नागपूर जिल्ह्यात आहे. गुमगाव येथील मँगनीजच्या खाणीतून निघालेल्या मुरमाड ढिगांवर गवतही उगवत नसे. वाऱ्याने धूळ उडे, पावसाने गाळ शेतांत उतरे. नीरीच्या शास्त्रज्ञांनी या ढिगांवर साखर कारखान्यांतील मळी घातली, रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे नत्र मिळवणारे जिवाणू, तसेच मुळांना मदत करणारी एक प्रकारची बुरशी रोपांना लावली आणि वृक्षांची लागवड केली. उजाड ढीग हिरवे झाले. मँगनीज नाहीसे झाले नाही. ते मुळांच्या जाळ्यात आणि पाचोळ्याच्या खाली राहिले, एवढेच. परंतु खाली राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ‘एवढेच’ पुष्कळ असते.

मर्यादा आणि चार खुणेच्या गोष्टी

नव्या विद्येचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मुळे जेथवर जातात तेथवरच हा उपाय पोहोचतो. खोल भूजलात उतरलेल्या विषास तो पुरा पडत नाही. विष फारच दाट असेल, तर आधी रोपच जगत नाही. काम महिन्यांचे नव्हे, वर्षांचे असते. तोवर त्या जागेला कुंपण हवे, गुरांना मज्जाव हवा आणि तेथील पाण्याची वेळोवेळी परीक्षा हवी. भोपाळच्या मातीत एचसीएच आणि पारा दोन्ही असल्यामुळे तेथे एकच जादूची कांडी फिरवून भागणार नाही. कोठे खणून काढावे लागेल, कोठे झाकावे लागेल, कोठे जिवाणू आणि मुळे उपयोगी पडतील. वैद्याने रोग्यागणिक औषध द्यावे, तसे हे आहे. परंतु ११ लाख टनांचा हिशेब समोर असता, मातीला मातीतच बरे करण्याची विद्या आपण शिकलो नाही तर दुसरा परवडणारा मार्ग दिसत नाही.

अलीकडे बाटलीत भरलेले जिवाणू विकणारे पुष्कळ निघाले आहेत. न्यासाच्या जागेसाठी वा कोणा सभासदाच्या शेतासाठी असा विक्रेता आला, तर त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तुमचा जिवाणू नेमके कोणते विष फोडतो? आधी आणि नंतर माती कोणत्या प्रयोगशाळेत तपासून देणार? तेथे उगवेल त्या गवताचे आणि पिकाचे काय करावयाचे? तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे न मिळाल्यास बाटली परत करावी.

घरच्यासाठीही दोन शब्द. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, शेतघरांच्या कोपऱ्यांत गॅमेक्सीनचे वा बीएचसीचे जुने डबे अद्याप सापडतात. ते वापरू नयेत, जाळू नयेत, पुरू नयेत, विहिरीत वा नाल्यात तर मुळीच टाकू नयेत. मुलांच्या हाती लागणार नाहीत असे बंद करून ते नगर निगमाच्या गाडीतील घरगुती घातक कचऱ्याच्या निराळ्या कप्प्यात द्यावेत. साठा पोत्यांनी असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावे. कारखान्यामागची भराव टाकलेली जमीन स्वस्तात मिळते म्हणून तीवर भाजीपाला करण्यापूर्वी माती आणि पाणी तपासून घ्यावे. आणि शेतातील नरवाई जाळू नये. त्या आगीत जमिनीच्या वरच्या थरातील हेच आपले सोबती होरपळतात.

इंदूरचे ऋण

शेवटी एका अभिमानाच्या गोष्टीचे स्मरण करून देतो. मातीतील सूक्ष्म जीवांना पोसण्याची विद्या जगाने ज्या गावाच्या नावाने ओळखली, ते गाव आपले इंदूर आहे. १९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर येथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ते वेळोवेळी परतून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसवली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती देशोदेशी गेली. १९३१ मध्ये या विषयावर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. संस्थेची ती जागा पुढे कृषी महाविद्यालयाची झाली.

हॉवर्ड यांच्या काळी एचसीएचचे ढीग नव्हते आणि ‘बी-९०-ए’चा कोणास पत्ताही नव्हता. परंतु जमीन ही निर्जीव पेटी नसून तीत कोट्यवधी जिवांची वस्ती आहे, आणि ती वस्ती धडधाकट असेल तरच वरचे पीक धडधाकट असते, हे त्या खताच्या खड्ड्यांनी शिकवले होते. आज विषारलेल्या जमिनीवर जे प्रयोग चालू आहेत, ते त्याच पाठाचे पुढचे पान होय. खताच्या खड्ड्यात जिवाणू पाचोळा फोडतात. येथे त्यांनी विष फोडावे, अशी आपली अपेक्षा आहे.

न्यास चालवणाऱ्यांस ठेव म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू जशीच्या तशी, शक्य तर वाढवून, पुढच्याच्या हाती द्यावयाची असते. जमीन ही त्यांतली सर्वांत जुनी ठेव. ती मागल्या पिढ्यांनी काही ठिकाणी डागाळली हे खरे. तो डाग धुण्याचे साधन त्याच जमिनीत, उसाच्या एका मुळाशी सापडले, हेही तितकेच खरे. या साधनाची ओळख आपल्या मुलांस करून द्यावी, शाळेत शिकणाऱ्यांनी त्याचा अभ्यास करावा, आणि पीथमपूरसारखा प्रसंग पुन्हा उद्भवला तर आपल्या समाजाने भयाने वा अफवेने नव्हे, तर समजून उमजून प्रश्न विचारावेत, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही वाचकांची रजा घेतो.